परिपाठाच्या आधीची प्रार्थना

पाटीवर ‘सेंट’ लिहिलेलं दिसलं की शाळा कॅथलिक, असं आपण धरून चालतो. हिंगोली, वसमत, परभणी, नांदेड, कुठल्याही गावात एखाद्या संताच्या नावाची इंग्रजी शाळा सापडते आणि गाव तिला सरसकट ‘कॉन्व्हेंट’ म्हणतं. यातल्या बऱ्याच शाळा स्थानिक संस्थाचालकांच्या असतात. तिथं फादर नसतात, सिस्टर नसतात आणि चर्चशी काही नातंही नसतं. कॅथलिक चर्चचा स्वतःचा नियम याबाबतीत काटेकोर आहे. १९८३च्या धर्मसंहितेतलं ८०३ क्रमांकाचं कलम सांगतं की, जी शाळा बिशप किंवा चर्चमान्य संस्था चालवते, किंवा जिला चर्चने लेखी मान्यता दिली आहे, तीच कॅथलिक शाळा. बिशपांच्या संमतीशिवाय हे नाव कुणी लावायचं नाही.

हिंगोली जिल्हा या व्यवस्थेत औरंगाबाद धर्मप्रांतात येतो. हा धर्मप्रांत १९७७ साली झाला. हिंगोलीला स्वतंत्र जिल्हा व्हायला त्यानंतर बावीस वर्षं लागली, १ मे १९९९ रोजी तो परभणीतून वेगळा झाला. २०११च्या जनगणनेत हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजार होती. महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक एक टक्क्याहूनही कमी आहेत आणि मराठवाड्याच्या या भागात तर ते फारच विरळ आहेत. संत नामदेवांचं नरसी आणि औंढ्याचा नागनाथ याच जिल्ह्यात. वारकरी, बौद्ध, मुस्लिम, लिंगायत, बंजारा अशा घरांतली मुलं इथल्या शाळांमधून शेजारी शेजारी बसतात. मग अशा मुलखात कॅथलिक माध्यमिक शाळा असते तेव्हा तिच्यातला ‘कॅथलिक’ भाग नेमका कुठे राहतो? वर्गात पन्नास मुलं असतील तर त्यांतली कॅथलिक मुलं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच असतात, कधी एकही नसतं. या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला वाटत गेलं की आपण नेहमी चुकीच्या वेळी शाळेत डोकावतो. आपण घंटा झाल्यावर पाहतो. या शाळेचा दिवस त्याच्या बराच आधी सुरू झालेला असतो.

शाळेच्या आवारात किंवा लगतच एक घर असतं. त्यात तीन, चार, पाच सिस्टर राहतात, नाहीतर फादर. हे नुसतं कर्मचाऱ्यांचं निवासस्थान नव्हे, तो एक संघ असतो. गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रतं घेतलेली माणसं तिथं एकत्र राहतात. पहाटे उठून ती स्तोत्रं म्हणतात, काही वेळ मौनात बसतात आणि पवित्र मिस्सा या उपासनेला हजर राहतात. संध्याकाळी पुन्हा प्रार्थना, मग एकत्र जेवण. आज स्वयंपाकघर कुणी पाहायचं, बाजारहाट कुणी करायचा, आजारी सिस्टरजवळ कुणी थांबायचं हे वाटून घेतलेलं असतं. वरिष्ठांचा आदेश आला की आठ वर्षं एका शाळेत मुख्याध्यापिका असलेली सिस्टर सामान आवरून दुसऱ्या गावी जाते, आणि तिथं ती कदाचित साधी वर्गशिक्षिका असते. गावातल्या पालकांना हे चमत्कारिक वाटतं. ‘एवढ्या चांगल्या सिस्टर, त्यांना का हलवलं?’ असं ते विचारतात. आज्ञापालनाचं व्रत म्हणजे काय, हे अशा बदलीच्या दिवशी कळतं.

गरिबीच्या व्रताचा तर मोठा खटलाच झाला. अनुदानित शाळेत शिकवणाऱ्या सिस्टर आणि फादरना सरकारी वेतनश्रेणीप्रमाणे पगार मिळतो, पण तो त्यांच्याकडे राहत नाही, संघाकडे जातो. म्हणून त्यांच्या पगारातून आयकर कापू नये, असं धर्मसंघांचं म्हणणं होतं. व्रत घेतल्यावर माणूस मालमत्तेच्या दृष्टीने जणू मृतच होतो, त्यामुळे पगार त्याचा नसतोच, असा युक्तिवाद त्यांनी केला. नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला. पगार शिक्षकाच्या नावे निघतो, पुढे तो कुणाला द्यायचा हा त्याचा प्रश्न, कर कापलाच पाहिजे, असा निर्णय झाला. कायद्याच्या दृष्टीने तो मला रास्त वाटतो. पण त्या निमित्ताने एक गोष्ट देशासमोर आली, की आपल्या मुलांना गणित शिकवणारी सिस्टर तिच्या बँक खात्याची मालकीण खऱ्या अर्थाने नसते. शाळेतल्या मुलांना हे कुणी सांगत नाही, तरी हे राहणं त्यांच्या रोज नजरेसमोर असतं.

मग घंटा होते आणि परिपाठ सुरू होतो. महाराष्ट्रातल्या इतर शाळांप्रमाणेच इथंही राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष, बातम्या असतात. राज्यघटनेच्या उद्देशिकेचं वाचन असतं, जे २६ जानेवारी २०२० पासून राज्यातल्या शाळांना बंधनकारक केलं गेलं. परिपाठात एक प्रार्थनाही असते. ती कधी येशूला उद्देशून असते, पण बहुतेक वेळा ‘हे परमेश्वरा’ अशी मोघम हाक असते. कुठे साने गुरुजींची प्रार्थना म्हणतात, कुठे पसायदान. पाहुण्याला वाटेल की यात कॅथलिक काहीच नाही.

इथं कायद्याची एक चौकट आहे आणि ती प्रत्येक पालकाला माहीत असायला हवी. घटनेच्या ३०व्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. त्याचबरोबर २८व्या अनुच्छेदाचा तिसरा खंड सांगतो की, मान्यताप्राप्त किंवा सरकारी मदत घेणाऱ्या कुठल्याही शाळेत विद्यार्थ्याला त्याच्या संमतीशिवाय, आणि तो अज्ञान असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येणार नाही. शाळा चर्चची असली तरी हेच लागू. प्रार्थनेच्या वेळी एखाद्या मुलाने नुसतं शांत उभं राहायचं ठरवलं तर? याच्या अगदी जवळ जाणारा प्रसंग केरळात घडला होता. यहोवाज् विटनेसेस या पंथाची तीन भावंडं राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण गात नसत. १९८५मध्ये त्यांना शाळेतून काढलं गेलं. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. आदराने उभं राहणं पुरेसं आहे, कुणाच्या सद्सद्विवेकावर जबरदस्ती करता येत नाही, हे तत्त्व त्या निकालाने घालून दिलं. अल्पसंख्य पंथातल्या मुलांना मिळालेलं ते संरक्षण कॅथलिक शाळेतल्या वारकऱ्याच्या मुलालाही तितकंच मिळतं.

चर्चही आपल्या शाळांना हेच सांगत आलं आहे. एप्रिल २०२४मध्ये भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने शाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. इतर धर्मांच्या विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका, परिपाठात उद्देशिका वाचा, शक्य तिथं सर्वधर्मीयांसाठी प्रार्थनेची एक खोली ठेवा, शाळेच्या प्रवेशदालनात स्वातंत्र्यसैनिकांची, शास्त्रज्ञांची, कवींची चित्रं लावा, असं त्यांत होतं. देशात काही ठिकाणी मिशनच्या शाळांवर मोर्चे आले, वर्गातल्या मूर्ती आणि सिस्टरांचा पेहराव यांवरून वाद झाले, त्या वातावरणात या सूचना आल्या. त्यामुळे कुणी त्यांना भीतीपोटी घेतलेली माघार म्हणेल. मला तसं वाटत नाही, कारण याची मुळं जुनी आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी शिक्षणावर जे घोषणापत्र काढलं, त्यात कॅथलिक नसलेली मुलं ज्या शाळांत येतात त्या शाळा चर्चला विशेष प्रिय आहेत, असं म्हटलं आहे. कॅथलिक शाळेचं वातावरण सुवार्तेतल्या स्वातंत्र्याने आणि प्रेमाने भारलेलं असावं, असंही त्यात आहे. स्वातंत्र्य हा शब्द त्या वाक्यात प्रेमाच्या शेजारी बसला आहे, आणि तो तिथं आवश्यकच आहे.

प्रत्यक्षात तास वेगळे होतात. आठवड्यातून एक-दोन तासिकांना कॅथलिक मुलं धर्मशिक्षणाला एका खोलीत जातात आणि बाकीची मूल्यशिक्षणाला बसतात. मोठ्या शहरांत हे सहज जमतं. मराठवाड्यात संपूर्ण शाळेत मिळून कॅथलिक मुलं पंधरा-वीस असतील तर पाचवीचं आणि नववीचं मूल एकाच बाकावर बसून एकच धडा ऐकतं. म्हणून त्यांचं खरं धर्मशिक्षण रविवारच्या मिस्सानंतर चर्चमध्ये आणि घरी आजीच्या जपमाळेपाशी होतं. शाळा त्यांना फार तर एक गोष्ट देते: आपण ख्रिस्ती आहोत हे इथं लपवावं लागत नाही. गावात दोन-तीनच घरं असलेल्या समाजातल्या मुलाला तिचं मोल फार असतं.

आता वातावरणाकडे येतो, कारण या शाळांचं वेगळेपण जिथं आहे ते हेच. मध्य भारतात आणि मराठवाड्यात कॅथलिक शिक्षणाचा पाया घालणाऱ्यांत फ्रान्समधल्या आनसी गावचा, संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाचा एक धर्मसंघ महत्त्वाचा आहे. पीटर मर्मिए यांनी तो १८३८मध्ये स्थापन केला आणि १८४६मध्ये त्याचे पहिले धर्मगुरू विशाखापट्टणमला उतरले. त्यांच्या कामातून पुढे १८८७मध्ये नागपूर धर्मप्रांत उभा राहिला. नागपुरात आणि औरंगाबादेत सेंट फ्रान्सिस डी सेल्स हे नाव शाळांना मिळालं ते याच संघामुळे.

हे फ्रान्सिस डी सेल्स (१५६७–१६२२) जिनिव्हाचे बिशप होते, पण जिनिव्हा प्रोटेस्टंटांच्या ताब्यात असल्याने त्यांना आनसीला राहून काम करावं लागलं. तरुणपणी विरोधकांच्या मुलखात त्यांचं प्रवचन ऐकायला कुणी येईना, तेव्हा त्यांनी आपले विचार पत्रकांवर लिहून घरोघरी दाराच्या फटीतून आत सरकवायला सुरुवात केली. म्हणूनच १९२३मध्ये पोपनी त्यांना लेखक-पत्रकारांचे पालक संत ठरवलं. त्यांची आणखी एक आठवण शिक्षकांना जवळची वाटेल. मार्टिन नावाचा एक मूकबधिर तरुण त्यांच्या घरी होता. बिशपांनी त्याच्यासाठी खुणांची भाषा जुळवली आणि धर्माचे धडे त्याला त्या खुणांनी शिकवले. शिकणाऱ्याला आपली भाषा येत नसेल तर शिकवणाऱ्याने त्याची भाषा शोधायची. या संताची ओळख सौम्यपणासाठी आहे, आणि तो सौम्यपणा असा कष्टाचा होता.

त्यांच्या नावावरूनच इटलीत ट्युरिनच्या डॉन बॉस्को यांनी १८५९मध्ये आपल्या संघाला सेलेशियन हे नाव दिलं. कारखान्यांच्या शहरात भटकणारी, तुरुंगात जाणारी पोरं त्यांनी गोळा केली आणि शिक्षणाची एक पद्धत घडवली. तिचे तीन आधार आहेत, समजुतीची भाषा, धर्म आणि जिव्हाळा. त्या काळच्या शाळांत मूल चुकण्याची वाट पाहायची आणि चुकलं की छडी, अशी रीत होती. बॉस्कोंनी क्रम उलटवला. मुलाला चुकायची पाळी येऊ नये इतकं शिक्षकाने त्याच्याजवळ असावं. म्हणून त्यांच्या शाळांत मधल्या सुट्टीत शिक्षक शिक्षकखोलीत चहाला बसत नाहीत, मैदानावर असतात. मुलांवर प्रेम असणं पुरत नाही, आपल्यावर प्रेम आहे हे मुलांना कळलं पाहिजे, हा त्यांच्या १८८४च्या पत्राचा सारांश. कबड्डीच्या रिंगणात पांढरा झगा खोचून उतरणारे फादर अनेक मराठी माजी विद्यार्थ्यांच्या आठवणीत असतात, ते या शिकवणुकीमुळे. शाळेत श्रद्धा दिसते ती अशा ठिकाणी. कुणाला घरी मार बसतो, कुणाचा डबा रोज रिकामा असतो, कोण आज गप्प आहे, हे मैदानावर उभ्या असलेल्या माणसाला आधी कळतं.

या जिव्हाळ्याबरोबर शिस्तही येते, आणि सगळीकडे जिव्हाळा शिस्तीवर मात करतो असं नाही. नखं, केस, बूट, इंग्रजीत न बोलल्याचा दंड, यांच्या कडू आठवणीही कॅथलिक शाळांत शिकलेल्यांपाशी आहेत. मातृभाषेत बोलल्याबद्दल मुलाला दंड करणारी शाळा फ्रान्सिस डी सेल्स आणि मार्टिनची गोष्ट विसरली आहे, असंच मी म्हणेन.

वर्षाचं चक्र पाहिलं की दोन पंचांगं एकात एक गुंफलेली दिसतात. २४ जानेवारी हा फ्रान्सिस डी सेल्स यांचा सण, ३१ जानेवारी डॉन बॉस्कोंचा, आणि मध्ये २६ जानेवारी. १४ एप्रिलला आंबेडकर जयंती. ५ सप्टेंबरला शिक्षकदिन आणि मदर तेरेसांचा स्मृतिदिन एकाच दिवशी. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन, जे उर्वरित महाराष्ट्रातल्या कॅथलिक शाळांत नसतं आणि हिंगोलीत चुकवून चालत नाही. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना आणि बहुतेकदा दसऱ्याचाही. हिंगोलीचा दसरा महोत्सव म्हणजे गावभर गर्दी, मुलांचं लक्ष अभ्यासात नसतंच. डिसेंबरात येशूजन्माचा गोठा उभारला जातो. गवत, मेंढरं, उंट, तीन राजे हे सगळं पुठ्ठ्यात आणि मातीत करायला सर्व धर्मांची मुलं हात लावतात. ज्याच्या घरी खरा गोठा आहे त्याला बैल कसा बसतो हे चित्रकलेच्या शिक्षकापेक्षा नक्कीच चांगलं ठाऊक असतं.

वसईला हेच सगळं वेगळं दिसतं. तिथं शतकानुशतकं मराठी बोलणारा कॅथलिक समाज आहे. चर्च, शाळा आणि वाडी एकाच रस्त्यावर असतात, आणि वर्गातली बरीच मुलं रविवारी मिस्सामध्येही एकत्र असतात. १९५५पासून निघणारं ‘सुवार्ता’ हे मासिक याच समाजाचं. त्याचे दीर्घकाळ संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो नंदाखालच्या मराठी शाळेत शिकले. बायबलचं मराठी रूप ‘सुबोध बायबल’ त्यांनी सिद्ध केलं. जानेवारी २०२०मध्ये धाराशिवला, म्हणजे मराठवाड्यातच, ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. पांढऱ्या झग्यातला धर्मगुरू संमेलनाचा अध्यक्ष होतो हे काहींना खटकलंही. मराठी आणि कॅथलिक श्रद्धा यांचं नातं मात्र त्याहून चारशे वर्षं जुनं आहे. थॉमस स्टीफन्स या जेझुइट संघातल्या इंग्रज धर्मगुरूने गोव्यात ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ लिहिलं, ते १६१६मध्ये छापलं गेलं. परदेशातून आलेल्या माणसाने येशूची कथा सांगण्यासाठी ज्ञानेश्वर-नामदेवांच्या मराठीचा छंद निवडला. नामदेवांच्या जिल्ह्यातल्या कॅथलिक शाळेने ख्रिस्तपुराणाची ओळख आपल्या सगळ्या मुलांना, कुठल्याही धर्माच्या असोत, मराठीच्या तासाला करून द्यावी, असं मला मनापासून वाटतं.

मराठवाड्यातला कॅथलिक समाज वसईसारखा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला फ्रान्समधून आलेल्या धर्मगुरूंनी घोगरगाव परिसरातून काम सुरू केलं. जे लोक त्यांच्याकडे आले ते मुख्यतः गावकुसाबाहेरचे, महार आणि मांग समाजातले. निजामाच्या राज्यात त्यांच्या मुलांसाठी शाळेचं दार जवळपास बंदच होतं. त्यामुळे इथल्या मिशनच्या पहिल्या शाळा मराठी होत्या, साध्या होत्या आणि बहुतेकदा त्यांच्या जोडीला बोर्डिंग असायचं. एकत्र राहण्याचा खरा अर्थ त्या बोर्डिंगांत घडला. वेगवेगळ्या खेड्यांतली पोरं एका पंगतीत भाकरी खात, एकाच हौदावर आंघोळ करीत, आळीपाळीने झाडलोट करीत, कंदिलाभोवती अभ्यासाला बसत आणि झोपण्यापूर्वी गुडघे टेकून प्रार्थना म्हणत. ज्या गावात पाणवठा वेगळा होता त्या गावचं पोर इथं सर्वांबरोबर एका माठातलं पाणी पीत होतं. शेजारच्या नगर जिल्ह्यातही जेझुइटांनी असंच काम केलं. संगमनेरचं ज्ञानमाता विद्यालय, हरेगावची मतमाउलीची, म्हणजे मारियामातेची, यात्रा ही त्याच कामाची फळं. सप्टेंबरात भरणाऱ्या त्या यात्रेला मराठवाड्यातले कॅथलिक पायी जातात, वारीसारखेच.

या समाजाच्या मुलाला दहावीच्या उंबरठ्यावर एक कागद अडवतो. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींचा दर्जा केवळ हिंदूंना होता. १९५६मध्ये शीख आणि १९९०मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित अजून बाहेर आहेत. यावर विचार करण्यासाठी केंद्राने ऑक्टोबर २०२२मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. तोवर काय होतं, तर एका बाकावर बसणाऱ्या दोन मुलांची पणजोबांपासूनची परिस्थिती सारखी असते, पण एकाला शिष्यवृत्ती मिळते आणि दुसऱ्याला नाही. काही घरांत म्हणूनच दाखल्यावर एक धर्म आणि रविवारी दुसरा, अशी ओढाताण चालते. त्या पालकांना मी दोष देणार नाही.

याच लोकांसाठी सुरू झालेल्या शाळा आज कुणाच्या आहेत, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त सलतो. जिल्ह्याच्या गावांतल्या बऱ्याच कॅथलिक शाळा आता इंग्रजी माध्यमाच्या, विनाअनुदानित आणि फी घेणाऱ्या आहेत. प्रवेशाला रांग लागते ती डॉक्टर, वकील, व्यापारी, शिक्षक यांची. बोर्डिंगं कमी झाली. याला कारणंही खरी आहेत. अनुदान मिळत नाही, शिक्षकांचे पगार द्यायचे असतात आणि इंग्रजी हवी ही मागणी गरीब पालकांचीच आहे. शिक्षणहक्क कायद्याने खाजगी शाळांतल्या २५ टक्के जागा दुर्बल घटकांसाठी ठेवल्या, पण २०१४च्या प्रमती खटल्यातल्या निकालाने अल्पसंख्याक शाळांना तो कायदाच लागू नाही असं ठरवलं. सप्टेंबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात, त्या निकालाच्या योग्यतेबद्दल शंका व्यक्त केली आणि तो मोठ्या पीठापुढे नेण्यासाठी सरन्यायाधीशांकडे पाठवला.

अल्पसंख्याकांचा हक्क मोलाचा आहे. तो उणावला तर कॅथलिक शाळेची ओळखच धोक्यात येईल, ही चर्चची भीती पोकळ नाही. पण १९६५च्या त्याच घोषणापत्रात कॅथलिक शाळांनी कुणाची काळजी आधी घ्यावी हेही लिहिलं आहे. जे पैशाने गरीब आहेत, ज्यांना घरच्यांचं प्रेम आणि आधार नाही, ज्यांच्यापर्यंत श्रद्धेची देणगी पोहोचलेली नाही, असे तीन गट तिथं नोंदलेले आहेत. हिंगोलीत तिसऱ्या गटातली मुलं प्रत्येक वर्गात भरपूर आहेत. पहिल्या दोन गटांतली मुलं जवळपासच्या तांड्यांवर, वस्त्यांवर आणि ऊसतोडीला गेलेल्यांच्या बंद घरांशेजारी आहेत. त्यांना आत घेण्यासाठी शाळेला कुठल्याही न्यायालयाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. व्यवस्थापनाच्या बैठकीत फीमाफीचा आणि वसतिगृहाचा ठराव करता येतो, आणि पुढच्या जूनपासून तो अमलातही आणता येतो.